मेल्यावर बोलायचं नसते

"मेल्यावर बोलायचं नसते, काका," मी चौथ्यांदा सांगितलं.

शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर आडवे पडलेल्या डोमाजी कापगतेंनी एक डोळा उघडला. "मेलो कुठं जी मी? बेशुद्ध आहो ना?"

"बेशुद्ध माणूसही बोलत नाही."

"घरच्यायले काही सांगून नाही जाणार का? एकदम कसा जाईन?"

एवढं म्हणून त्यांनी डोळा मिटला, उजवा हात छातीवर ठेवला, डावा हवेत उचलला आणि घोगऱ्या आवाजात सुरू झाले, "सांगा... माझ्या लेकीले सांगा... तिचा बाप चोर नव्हता..."

समोर माझे बारा स्वयंसेवक बसले होते. अकरा हसले. बारावी बेबी नखाते. तिनं हात वर केला.

"ताई, यायच्या चपला कुठं ठेवाच्या?"

मी कपाळाला हात लावला.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी नर्स नाही, हे आधीच सांगते, कारण मोहबोडीत सगळे मला नर्सबाई म्हणतात आणि मी आता सांगून सांगून थकले. आठवी पास. तालुक्याला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात एकवीस वर्षं होते. झाडू मारायला लागले आणि टाके काढण्यापर्यंत पोचले, सगळं पाहून पाहून. त्या वर्षी जिल्ह्याला पाच दिवसांचं शिबिर झालं. डॉक्टरांना वेळ नव्हता, त्यांनी मला पाठवलं. परत आले ती एक प्रमाणपत्र आणि एक काम घेऊन: आपल्या गावातली बारा माणसं निवडायची आणि कोणी कोसळलं तर अँब्युलन्स येईपर्यंत काय करायचं ते त्यांना शिकवायचं. आमच्याकडे अँब्युलन्स पन्नास मिनिटांत येते. रेल्वेचं फाटक उघडं असलं तर.

शेवटी तालुक्याच्या डॉक्टर मॅडम परीक्षा घेणार होत्या. बारापैकी आठ पास झाले की गावाला स्ट्रेचर आणि औषधांची पेटी मिळणार, आणि गावातून फोन गेला की अँब्युलन्सवाले आधी आमच्या माणसांना कळवणार. मला ते आठ पाहिजे होते. आदल्या वर्षी बेबीचा नवरा माणिक बसस्टॉपवर छाती धरून खाली बसला तेव्हा मी तालुक्याला होते. भोवती वीस माणसं जमली. एकानं चप्पल हुंगवली, एकानं कांदा फोडला, दोघांनी तोंडात पाणी ओतलं, उरलेल्यांनी मतं दिली. छातीला कोणी हात लावला नाही. मी संध्याकाळच्या बसनं उतरले तेव्हा सगळं संपून त्याला घरी नेलं होतं.

म्हणून शिकवायला घेतलं. आणि पहिल्या आठवड्यातच कळलं की आमच्या लोकांना वाचवणं सोपं असेल, शिकवणं नाही.

पोलीस पाटील रामरतन दर वर्गाला खिशात कांदा घेऊन येत. "सोबत असला त काय बिघडते? तुमचंही करू, आपलंही करू." विलास ट्रॅक्टर चालवायचा, दंडानं भक्कम, पण मोजताना अठरावर आला की थेट पंचवीसवर उडी मारायचा. उरलेल्यांतले चार जण चहा येईपर्यंत थांबत. आणि बेबी. बेबी अंगणवाडीत खिचडी शिजवायची. चाळिशीची, किडकिडीत, आवाज असा की शेजारच्यालाही पुढे वाकून ऐकावं लागे. तिला छाती दाबता येत नव्हती, नाडी सापडत नव्हती. तिला फक्त सामानाची काळजी. चपला कुठं ठेवाच्या, मोबाईल कोणाजवळ द्याचा, खिशातले कागद काढाचे का तसेच राहू द्याचे.

"बेबी, आधी माणूस. सामानाचं मग पाहू."

"हव जी," ती म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात वर.

डोमाजीकाकांना रोगी म्हणून घ्यायची कल्पना माझीच, हेही सांगून टाकते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगाव मंडप पडतात, धान निघालेलं असतं, लोक बैलगाड्या जुंपून येतात आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. काका पस्तीस वर्षं नाटक कंपनीत होते. हिरोचा बाप, हिरोइनचा बाप, म्हातारा नोकर, इमानी हवालदार. काम कुठलंही असो, दुसऱ्या अंकाच्या शेवटी मरायचं. गावात म्हणत, कंपनीनं काकांचा तिसऱ्या अंकाचा चहा कधीच वाचवलाय.

मी एकदा विचारलं होतं, मरताना भीती नाही वाटत?

"भीती कशाची? वाईट वाटते," काका म्हणाले. "मी एवढा जीव तोडून मरतो. अन् मेलो रे मेलो की लाइट जाते, तिकडं हिरोइनचं रडणं सुरू होते, टाळ्या तिले. मले अंधारात उचलून नेतात. पाय धरून. पस्तीस वर्षं झाली, एक टाळी नाही भेटली."

तर असा माणूस मी बेशुद्ध पडायला निवडला. पडायची त्यांची पद्धत ठरलेली. आधी जाड भिंगांचा चष्मा काढायचा, घडी घालायची, बेबीच्या हातात द्यायचा. मग व्हरांड्याचा खांब धरायचा. मग झोकांड्या तीन. मग लेकीला निरोप. मग पडायचं, तेही सतरंजी पाहून. आणि बेबी तो चष्मा पदराच्या टोकात गुंडाळून सगळा वेळ तशीच उभी. बाकीचे खांदे हलवताहेत, हाका मारताहेत, श्वास पाहताहेत, आणि ही चष्मा धरून.

जिवंत माणसाची छाती काही दाबता येत नाही. त्यासाठी मी एक पोतं केलं होतं. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, ठासून भरलेलं, मधोमध कोळशानं फुली. काका पडले की त्यांना तपासायचं, फोनची बतावणी करायची, आणि मग सगळ्यांनी दोन पावलं डावीकडे सरकून पोत्यावर दाबायचं. विलासनं पोत्याला डोमाजी नंबर दोन असं नाव ठेवलं होतं. काका म्हणायचे, माझ्यापेक्षा यालेच जास्त भाव आहे.

असे सहा आठवडे गेले. माझा आवाज बसला.

परीक्षा डिसेंबरातल्या एका रविवारी, सकाळी दहाला. मॅडम अँब्युलन्स घेऊनच येणार होत्या, आतली यंत्रं गावाला दाखवायला. पावणेदहाला माझे बाराही हजर. रामरतन पाटलांनी हार, नारळ, शाल, अगरबत्ती असं सगळं टेबलावर मांडून ठेवलं होतं. मी म्हटलं, पाटील, ही परीक्षा आहे, सत्कार नाही.

"मॅडम पहिल्यांदा येऊन राहिल्या गावात. रिकाम्या हातानं पाठवाचं का?"

"आधी पास व्हा, मग पाठवा."

"नारळ फोडून सुरू केलं त पासच होईन माणूस."

दहा वाजले. साडेदहा झाले. अकराला फोन लावला. मॅडम दोन गावं अलीकडे होत्या, तिथली परीक्षा झाली होती आणि सत्कार सुरू होता. पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

काका सगळ्यांत उशिरा आले. रात्री चाळीस किलोमीटरवर नाटक होतं, सकाळी कंपनीच्या गाडीनं उतरून तसेच आलेले. कानामागं रंग राहिलेला, मिशीला पांढरी पावडर. चहा दिला तर नको म्हणाले. मला आश्चर्य वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही, मी रस्त्याकडं पाहत होते.

"रेवताबाई, आज जरा बरं नाही वाटून राहिलं," काका म्हणाले. "डावा हात भरून आला."

"काका, आज सीन हार्ट अटॅकचाच आहे," मी म्हणाले. "पण तुमची एन्ट्री व्हायची आहे अजून. थोडं राखून ठेवा."

सगळे हसले. काकाही हसले.

साडेअकराला मी वैतागून म्हटलं, चला, मॅडम येईपर्यंत एकदा करून घेऊ. विलास, आज अठरानंतर एकोणीस. पाटील, कांदा टेबलावर. बेबी, तू मागं उभी राहा. काका, आज भाषण नको. हात जोडते.

काका खुर्चीवरून उठले. दोन पावलं चालले. खांबाकडे गेलेच नाहीत. सतरंजीच्या अलीकडे, नुसत्या फरशीवर, पोतं पडावं तसे तोंडावर पडले. एक शब्द नाही.

मला त्या क्षणी काय वाटलं ते मी कोणाला कधी सांगितलं नाही. मला बरं वाटलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा त्या माणसानं माझं ऐकलं.

"पाहा," मी सगळ्यांना म्हणाले. "याला म्हणतात बेशुद्ध होणं. झोकांड्या नाही, निरोप नाही. आज पहिल्यांदा काका नीट मेले. वाजवा टाळ्या."

आणि वाजवल्या. सगळे उभे होते, सगळ्यांनी वाजवल्या. मीही. विलासनं शिट्टी मारली. पाटील म्हणाले, "वन्स मोअर, डोमाजी, वन्स मोअर," तर पुन्हा वाजल्या.

बेबी वाजवत नव्हती. ती पुढं येऊन तळहात पसरून उभी होती.

"ताई, काकानं चष्मा नाही दिला."

"बेबी, आज तरी चष्मा राहू दे."

"नाही जी. पाहा ना. चष्म्यावरच पडले."

मी पाहिलं. काकांचा गाल फरशीला टेकला होता आणि त्याच्याखालून चष्म्याची एक दांडी बाहेर आली होती, मोडलेली. भुवईतून रक्ताची बारीक रेघ फरशीच्या फटीत उतरत होती.

एकवीस वर्षं दवाखान्यात काढलेली बाई मी. माझे पाय जागचे हलले नाहीत. बेबी खाली बसली. तिनं काकांच्या खांद्यावर थापट्या मारल्या, शिकवल्या तशा, दोन्ही खांद्यांवर. "काका. ओ डोमाजीकाका." मग त्यांना उताणं करायला जोर लावला, तिला जमेना, तेव्हा कुठं मी वाकले. दोघींनी मिळून उलटवलं. मी तोंडाजवळ गाल नेला. घशात एकदा घुरघुर झाली, मग काही नाही. छाती स्थिर.

"विलास," मी ओरडले. "दाब."

विलास धावत आला, गुडघ्यावर बसला, हात एकमेकांवर ठेवले आणि पोत्यावर दाबायला लागला. एक, दोन, तीन, चार. पोरगं घामानं निथळत होतं, पांढरंफटक पडलं होतं आणि जीव खाऊन तणस दाबत होतं. त्याच्या तोंडासमोर माणूस पडला होता आणि त्याला तो दिसत नव्हता. सहा आठवडे मीच शिकवलं होतं: तपासा, फोन करा, डावीकडे सरका, पोतं दाबा.

"पोतं नाही रे. काका. काकाला दाब."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "काकाले? दुखन ना त्यायले."

बेबीनं ते पोतं दोन्ही हातांनी ओढून व्हरांड्याखाली लोटलं. मग विलासचे हात मनगटाला धरून काकांच्या छातीवर आणून ठेवले. "इथं. फुली नाही आहे, पण इथंच."

विलासनं दाबलं. पाचव्या दाबाला बरगडी मोडल्याचा आवाज आला. त्यानं हात काढले. मी म्हटलं, थांबायचं नाही, मोडू दे. तो पुन्हा लागला. अठरावर आला आणि पंचवीस म्हणाला, आणि कोणीही त्याला टोकलं नाही.

पाटील कांदा घेऊन आले होते. मी काही म्हणायच्या आत बेबी त्यांच्याकडं वळली. तिचा आवाज मी तेवढा मोठा आधीही ऐकला नव्हता, नंतरही नाही.

"कांदा ठेवा अन् फोन लावा, पाटील. मॅडमले म्हणा, शाल फेका अन् या."

पाटलांनी फोन लावला. अगदी त्याच शब्दांत सांगितलं.

मग वेळ कसा गेला ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, मी घड्याळ पाहून ओरडायची. विलास, मग मी, मग चहासाठी थांबणाऱ्यांतला एक जण, ज्याला मी सहा आठवडे कामचुकार म्हणत होते. तो न सांगता खाली बसला आणि घड्याळासारखं दाबलं. एक जण व्हरांड्याच्या टोकाला जाऊन ओकत होता. एक घरी पळून गेला, तो संध्याकाळपर्यंत आला नाही. बेबीची पाळी आली तेव्हा मी नको म्हणणार होते. पोत्यावर तिचा जोर कधी पुरला नव्हता. तिनं हात सरळ ठेवले, आमच्यासारखे कोपरात वाकवले नाहीत, आणि आपलं सगळं किडकिडीत अंग त्यावर टाकलं. ओठ हलत होते. मोजत होती.

चौदाव्या मिनिटाला अँब्युलन्स आली. मॅडम खरंच धावत आल्या, गळ्यात त्या सत्काराचा हार तसाच. यंत्राच्या पट्ट्या चिकटवल्या, सगळ्यांना हात काढायला सांगितलं, एक झटका दिला. काही नाही. पुन्हा दाबायला लावलं. दुसरा दिला. मग मॅडमनी मानेवर दोन बोटं ठेवली आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

"आहे," त्या म्हणाल्या.

स्ट्रेचर गाडीत चढलं, मी सोबत चढले. दार लावताना बेबी आली. पदराच्या टोकात काहीतरी बांधलेलं होतं आणि काखेत काकांच्या चपला.

"बेबी, आण इकडे," मी म्हणाले आणि हात पुढं केला.

"तुमच्याजवळ नाही देत जी," ती म्हणाली. "तुम्ही विसरान. मी ठेवतो सांभाळून."

परीक्षा झाली नाही, हे सांगायचं राहिलं. संध्याकाळी मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, तुमच्या लोकांनी कमाल केली, पण फॉर्मवर गुण भरायचे असतात, परत तारीख घ्यावी लागेल. मी म्हटलं, मॅडम, पोत्यावर की माणसावर? त्या हसल्या. मी हसले नाही. पुढच्या महिन्यात परत परीक्षा झाली, नऊ जण पास झाले. पाटलांनी नारळ फोडलाच.

नवव्या दिवशी बेबी आणि मी जिल्ह्याच्या दवाखान्यात काकांना पाहायला गेलो. बसमध्ये ती मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती. मी विचारलं, आत काय आहे? म्हणाली, चपला. मग खिडकीबाहेर पाहत सांगितलं, "माणिकच्या एकच भेटली होती. एवढी माणसं होती, कोणाच्या पायानं कुठं गेली कोण जाणे. मी दोन दिवस शोधली बसस्टॉपवर. लोकायले वाटे, हिले नवऱ्यापेक्षा चपलेचं पडलं. मले वाटे, कोणी एकानं जरी लक्ष दिलं असतं ना तिथं, त दोन्ही भेटल्या असत्या."

मी तिला एवढे दिवस काय काय बोलले होते, ते सगळं मला त्या बसमध्ये आठवलं.

काका उशीला टेकून बसले होते. छातीला पट्टा, भुवईला टाके. बोललं की बरगडी दुखायची, तरी बोलत होते. बेबीनं पिशवीतून चपला काढून पलंगाखाली ठेवल्या, पुसलेल्या. मग पदराची गाठ सोडून चष्मा दिला. दांडी तारेनं बांधलेली, एका भिंगाला तडा.

"मोजून घ्या जी," ती म्हणाली. "सगळं आहे."

ती पाणी आणायला बाहेर गेली. काकांनी चष्मा लावला आणि मला जवळ बोलावलं.

"बरगडी कोणी मोडली?"

"विलासनं."

"जोर आहे पोट्ट्यात." मग म्हणाले, "मले काहीच आठवत नाही बाई. खुर्चीवरून उठलो तेवढं आठवते. कसा पडलो?"

"सरळ. एकदम."

"खांब नाही धरला?"

"नाही."

"बोललो काही?"

"एक शब्द नाही."

त्यांचं तोंड उतरलं. "वाया गेलं म्हणजे."

मी हे सांगायलाच आले होते. नऊ दिवस पाठ करून आले होते. म्हटलं, "काका, तुम्ही पडले तेव्हा मला वाटलं तुम्ही नाटकच करता. मी तुम्हाला नीट मेले म्हटलं. सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. तुम्ही खाली पडले होते अन् आम्ही वरून टाळ्या वाजवत होतो."

काकांनी मान माझ्याकडं वळवली. तडा गेलेल्या भिंगाआड तो डोळा केवढा तरी मोठा दिसत होता.

"माझ्यासाठी?"

"हो."

"उभं राहून?"

"उभेच होतो सगळे. विलासनं शिट्टी मारली. पाटील वन्स मोअर म्हणाले."

"रामरतन म्हणाला? वन्स मोअर?"

"हो, काका."

त्यांनी हात हळूच छातीवर ठेवला. या वेळी नाटकातला नाही, बरगडीवरचा. आणि विचारलं, "किती वेळ वाजल्या?"

मला माहीत होतं. त्या दिवशी घरी गेल्यावर मी दार लावून भिंतीवरच्या घड्याळासमोर उभी राहिले होते आणि सगळं पुन्हा करून पाहिलं होतं. माझं बोलणं, शिट्टी, वन्स मोअर, बेबीचा पसरलेला हात. एकटीनं टाळ्या वाजवून मोजलं होतं. एकतीस सेकंद. दुसऱ्यांदा मोजलं तरी एकतीसच.

"खूप वेळ, काका," मी म्हणाले. "खूप वेळ वाजल्या."